येणारं गणित पुन्हा घ्यावं का?

जून-जुलै महिन्यांत अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक छोटासा वाद रंगतो. मुलगी किंवा मुलगा हायस्कूल संपवून युनिव्हर्सिटीत जायच्या तयारीत असतो. ओरिएंटेशनची तारीख आलेली असते, ॲडव्हायझरबरोबर थोडा वेळ मिळणार असतो आणि तेवढ्यात पहिल्या सेमिस्टरचे कोर्स नोंदवायचे असतात. लेखनाचा कोर्स, केमिस्ट्री, एखादी भाषा हे पटकन ठरतं. गाडी अडते ती गणितापाशी. हायस्कुलात एपी कॅल्क्युलस झालेलं आहे, परीक्षेत पाचपैकी पाच किंवा चार मिळालेले आहेत. आता पुढे काय?

आई म्हणते, "पुन्हा कॅल्क्युलस वनच घे. येतंयच तुला. डोळे झाकून ए मिळेल, जीपीए वर राहील." बाबा म्हणतात, "क्रेडिट मिळतंय ते सोडायचं कशाला? पुढचा कोर्स घे, एक सेमिस्टर वाचलं तर फी वाचेल." आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो फोनमधून मान वर न काढता म्हणतो, "मला गणितच नकोय." तुमच्या घरात हे झालं नसेल तर शेजारच्या घरात नक्की झालं असेल.

वरवर पाहता हा सोयीचा प्रश्न आहे: किती क्रेडिट, किती फी, किती ग्रेड. पण मी गणितात पोस्टडॉक आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, आणि मला वाटतं की हा नीतीचाही प्रश्न आहे. कोणता कोर्स घ्यावा याचा निर्णय करताना आपण तीन माणसांचं काहीतरी ठरवत असतो. एक, वर्गात शेजारी बसणारं मूल. दोन, ज्याच्या उपयोगी हे ज्ञान पुढे पडणार आहे तो अनोळखी माणूस. आणि तीन, चार वर्षांनंतरचं आपलं स्वतःचंच मूल. या तिघांपैकी एकही जण जेवणाच्या टेबलावरच्या वादात हजर नसतो.

त्याआधी एक गोष्ट मान्य करू. भारतात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलं की एम-वन, मग एम-टू, मग एम-थ्री. ते विद्यापीठाने ठरवलेलं असायचं. आपलं काम फक्त पास होण्याचं, आणि केटी लागू न देण्याचं. त्यामुळे कोर्स 'निवडणं' म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या गाठीशी नाही. आपल्याकडे अनुभव आहे तो स्पर्धेचा. म्हणून मुलाने विचारलं की आपण स्पर्धेचा सल्ला देतो. तो सल्ला प्रेमापोटीच असतो, पण प्रश्न वेगळा आहे.

आता शेजारच्या मुलाकडे वळू. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आकडेवारी सांगते की देशातल्या साधारण निम्म्याच हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवलं जातं. उरलेल्या निम्म्या शाळांतली हुशार मुलंही त्याच युनिव्हर्सिटीत येतात, इंजिनिअर किंवा डॉक्टर व्हायची स्वप्नं घेऊन येतात, आणि कॅल्क्युलस वनमध्ये 'लिमिट' हा शब्द पहिल्यांदा ऐकतात. तो कोर्स त्यांच्यासाठी आखलेला असतो. त्या वर्गात आपला मुलगा बसतो, ज्याने शाळेत हे वर्षभर केलं, शिवाय शनिवारी गणिताच्या क्लासला गेला, आणि आता फक्त ए घ्यायला आला आहे.

सगळीकडे नाही, पण बऱ्याच मोठ्या वर्गांत ग्रेड एकमेकांच्या तुलनेत दिले जातात. त्याला 'कर्व्ह' म्हणतात. समजा, वरच्या तीस टक्क्यांना ए मिळणार आहे. मग ज्याला सगळं आधीच येतं अशा प्रत्येक विद्यार्थ्यामुळे ए आणि बी यांच्यामधली रेघ थोडी वर सरकते, आणि नुकतंच शिकू लागलेलं कुणीतरी त्या रेघेखाली जातं. ज्याला पोहता येतं त्याने शिकाऊ मुलांच्या तलावात शर्यत लावावी आणि पदक घेऊन घरी यावं, तसं हे आहे. नियमात बसतं. कुणी चोर म्हणणार नाही. पण घरी आलेलं पदक पाहून आनंद वाटावा का, हा प्रश्न उरतो.

याचे परिणामही खरे असतात. पहिल्या परीक्षेत बी-मायनस किंवा सी मिळालेली मुलगी आजूबाजूला बघते. बाकीचे अर्ध्या वेळात पेपर देऊन निघून गेलेले दिसतात. तिला हे माहीत नसतं की ते दुसऱ्यांदा लिहीत होते. ती एवढंच ठरवते की गणित आपल्याला जमत नाही. मग मेजर बदलते. तुलना बरोबरीच्यांत झाली नाही, हे तिला कुणी सांगत नाही, कारण तसं कुठे लिहिलेलं नसतं.

"आमच्या एका मुलाने काय फरक पडतो? सगळेच करतात," असं तुम्ही म्हणाल. हे उत्तर नीतिशास्त्राला फार जुन्या काळापासून माहीत आहे, आणि त्यावरचा कांटचा प्रतिप्रश्नही: सगळ्यांनी तसंच केलं तर काय होईल? कल्पना करून बघा. ज्यांना येतं ते सगळे पहिल्या कोर्सला बसले, तर तो कोर्स पहिला राहतच नाही. प्रोफेसर नकळत वेग वाढवतात, कारण वर्ग माना डोलवत असतो. शेवटी ज्या कोर्सच्या सोपेपणाचा फायदा घ्यायचा होता तो सोपेपणाच संपतो, आणि ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या हाती काहीच उरत नाही.

मग आलेलं गणित पुन्हा घेणं नेहमीच चूक का? नाही. इथे प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांत फरक करायला हवा, आणि तो फरक बाहेरून दिसत नाही. तो मुलालाच करावा लागतो. एपीत पाच मिळणं आणि कॅल्क्युलस समजणं यांत अंतर असू शकतं. मी मुलांना एक साधा प्रश्न विचारते. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढणं आणि आलेखाचा चढ काढणं या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत, हे तुम्ही शंभर गणितांत वापरलंत. पण क्षेत्रफळाचा आणि चढाचा संबंध काय? तो का असावा? पुष्कळ पाच गुणवाले इथे थांबतात.

उत्तर अवघड नाही. डावीकडून उजवीकडे क्षेत्रफळ रंगवत चाललो आहोत असं समजा. अगदी थोडं पुढे सरकलं की रंगात एका अरुंद पट्टीची भर पडते. पट्टीची उंची म्हणजे त्या जागी आलेखाची उंची. म्हणजे क्षेत्रफळ किती वेगाने वाढतंय याचं उत्तर आहे: त्या ठिकाणी आलेख जितका उंच, तितक्या वेगाने. क्षेत्रफळाच्या वाढीचा वेग काढला की मूळ आलेख परत मिळतो. बस, एवढंच. ही पट्टी ज्याला स्वतःहून दिसली त्याला कॅल्क्युलस आलं. ज्याने फक्त सूत्रं पाठ केली त्याला परीक्षा आली. या दुसऱ्या मुलाने कोर्स पुन्हा घेतला, आणि 'का' शोधायला घेतला, तर तो कुणाचं काही हिरावून घेत नाही. शक्य असेल तिथे त्याने सिद्धतांसह शिकवलं जाणारं ऑनर्स कॅल्क्युलस घ्यावं. शिकागो युनिव्हर्सिटीसारख्या काही ठिकाणी तसा वेगळा वर्ग असतो. विषय तोच, पण प्रश्न वेगळे, आणि तिथे एपीवाला आणि नवखा हे दोघंही पहिल्या आठवड्यातच सारखेच गोंधळतात.

स्वतःची परीक्षा घ्यायचा एक सरळ उपाय आहे. त्या युनिव्हर्सिटीच्या गणित विभागाने जुन्या अंतिम परीक्षांचे पेपर उपलब्ध करून दिले असतील तर मे महिन्यानंतर, सगळं थोडं विसरल्यावर, तो पेपर घड्याळ लावून एकट्याने सोडवावा. जमला तर पुढच्या कोर्सला जा. नाही जमला तर पुन्हा घ्यायला कसलाही संकोच नको. पुढच्या कोर्सला उडी मारून दोन महिन्यांत बुडणं हा काही शौर्याचा प्रकार नाही.

दुसरा माणूस, तो अनोळखी. आपल्या घरांतली बरीच मुलं डॉक्टर व्हायला निघालेली असतात, आणि गणित टाळण्याचा किंवा सोपं करण्याचा दबाव त्यांच्यावर सगळ्यांत जास्त असतो. कारणही खोटं नाही. मेडिकल स्कूलच्या अर्जात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या विषयांची वेगळी सरासरी काढली जाते. तिथे एक सी दिसला तर तो ठळक दिसतो. म्हणून सल्ला मिळतो: येणारं कॅल्क्युलस घे आणि गणिताला रामराम ठोक.

आता १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास ऐका. हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० जणांना, म्हणजे विद्यार्थी, शिकाऊ आणि अनुभवी डॉक्टरांना, एक प्रश्न विचारला गेला. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्के लोकांनाही चुकून 'आजारी' ठरवते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकी काहीच माहिती नाही, तर त्याला तो आजार असण्याची शक्यता किती? जवळपास निम्म्या लोकांनी ९५ टक्के सांगितलं. बरोबर उत्तर साधारण दोन टक्के आहे. ते ६० पैकी फक्त ११ जणांनी दिलं.

हिशेब पाचवीतल्या मुलालाही समजेल. हजार माणसं घ्या. आजारी एक, तो पॉझिटिव्ह. उरलेले ९९९ निरोगी, त्यांतले पाच टक्के म्हणजे सुमारे ५० जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५१ पॉझिटिव्ह, त्यांतला खरा आजारी एक. ५१ मधला एक म्हणजे दोन टक्के. बेरीज, भागाकार, आणि 'किती जणांपैकी' असं विचारायची सवय. ती सवय कॅल्क्युलस तिसऱ्यांदा करून लागत नाही. ती संभाव्यता आणि स्टॅटिस्टिक्सच्या चांगल्या कोर्समध्ये लागते. ज्या बाईच्या हातात तो रिपोर्ट पडणार आहे आणि जी समोर बसून "डॉक्टर, मला झालंय का?" असं विचारणार आहे, तिला डॉक्टरच्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडशी काही देणंघेणं नाही. तिला ९५ आणि दोन यांतला फरक कळणारा माणूस हवा आहे.

हे फक्त डॉक्टरांचं नाही. जो मुलगा कॉम्प्युटर सायन्सला जाऊन उद्या कर्ज कुणाला द्यावं हे ठरवणारी प्रणाली लिहिणार आहे, त्याला लिनिअर अल्जिब्रा आणि स्टॅटिस्टिक्स 'पुरेसं' येणं म्हणजे किती? इथे पुरेसं हे ग्रेडवरून ठरत नाही, त्या प्रणालीने ज्याचा अर्ज फेटाळला त्याच्यावरून ठरतं. शिकणं हे कर्जासारखं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यात दुसऱ्याचा हिस्सा आहे हे खरं. आपण शिकतो तेव्हा अजून न भेटलेल्या माणसांच्या वतीने शिकत असतो.

तिसरा माणूस सगळ्यांत अवघड, कारण तो अजून अस्तित्वातच नाही. "मला गणित आवडत नाही" किंवा "मला गणित आवडतं" असं अठरा वर्षांचं मूल म्हणतं तेव्हा ते कशाबद्दल बोलत असतं? शाळेतल्या गणिताबद्दल. ते जवळपास सगळं आकडेमोडीचं असतं: रीत दिलेली, उत्तर ठरलेलं, वेळ मोजलेला. युनिव्हर्सिटीतलं गणित काही कोर्सनंतर वेगळाच प्राणी होतं. तिथे विधान दिलेलं असतं आणि ते खरं का, हे पटवायचं असतं. कधी ते खोटंही असतं. एक पान भरायला आठवडा लागतो. शाळेत पहिला येणारा इथे कंटाळतो, आणि शाळेत हळू म्हणून हिणवला गेलेला इथे फुलतो. दोन्ही मी पाहिलं आहे. स्वरलिपी वेगाने वाचता येते म्हणून गाता येईल असं नाही, आणि वाचता येत नाही म्हणून गाता येणार नाही असंही नाही.

इथे एक खरी तात्त्विक अडचण आहे. एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ साली एका पुस्तकात ती नीट मांडली. काही अनुभव माणसाला इतके बदलतात की अनुभवाआधी ते हवे की नको हे ठरवायला आपल्याकडे साधनच नसतं. अनुभव घेण्यापूर्वीचं आपलं मत नंतरच्या माणसाला लागू होत नाही. मूल होणं हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. एखाद्या विषयात खोल शिरणं हेही तसंच. मग आजच्या आवडीनुसार निवड करणं म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाचा पोशाख स्वतःच्या मापाने शिवणं झालं.

यातून सुटका नाही, पण एक मार्ग आहे. निर्णय आवडीवर न घेता कुतूहलावर घ्यायचा. "मला हे आवडेल का?" याचं उत्तर मिळणार नाही. "हे काय आहे ते मला कळून घ्यायचंय का?" याचं मिळतं. म्हणून मी मुलांना सांगते की पहिल्या दोन वर्षांत एक तरी गणिताचा कोर्स असा घ्या, ज्यात सिद्धता लिहावी लागते. बऱ्याच ठिकाणी लिनिअर अल्जिब्रा हा त्याचा सोपा दरवाजा असतो. एकच. नंतर नको वाटलं तर खुशाल सोडा. पण मग तुम्ही जे सोडाल ते तुम्ही पाहिलेलं असेल.

आपल्याच माणसाचं एक उदाहरण देते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले, बौद्ध धर्माचे अभ्यासक असलेल्या वडिलांबरोबर अमेरिकेत गेले, आणि हार्वर्डमध्ये शिकले. तिथे जॉर्ज बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाने त्यांना गणितावरच लक्ष केंद्रित करायचा सल्ला दिला. कोसंबींनी नाना विषयांचे कोर्स घेतले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळवली. पुढे ते गणिताचेच प्राध्यापक झाले. पण त्याच माणसाने आहत नाण्यांची वजनं करून, त्यावर संख्याशास्त्र लावून इतिहास शोधला, आणि १९४४ साली जनुकांमधल्या अंतराचं जे सूत्र मांडलं ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. यावरून 'भटकलं की यश मिळतं' असा निष्कर्ष काढू नका. एका कोसंबींमागे भटकून काहीच हाती न लागलेले कितीतरी असतील. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: बर्कहॉफचा सल्ला चुकीचा नव्हता, आणि तो न मानणंही चुकीचं नव्हतं. सल्ला देणाऱ्याला विषय माहीत होता. निवडणाऱ्याला ते आयुष्य जगायचं होतं.

हेच आईबाबांना लागू पडतं. आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमची बाजू हलकी नाही. फी तुम्ही भरता, कदाचित घरावर कर्ज काढून. स्कॉलरशिप टिकवायला ठरावीक जीपीए लागतो आणि तो घसरला तर हजारो डॉलर जातात. ज्या घरांत ग्रीन कार्डची रांग संपलेली नाही, तिथे मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या व्हिसावरचा त्याचा आधार तुटतो. अशा मुलाला 'कुतूहलाने निवड' असं सांगणं हे पोट भरलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान वाटू शकतं. ते मला मान्य आहे. ज्याच्या डोक्यावर अशी तलवार आहे त्याने एखाद्या सेमिस्टरला सुरक्षित कोर्स घेतला तर त्याला दोष देणारी मी कोण? कांटनेही अंगचे गुण वाढवणं हे कर्तव्य मानलं, पण ते कुठल्या बाबतीत, किती आणि कधी, हे माणसाच्या विवेकावर सोडलं. सगळ्यांत कठीण कोर्स घेणं हे कुणाचंच कर्तव्य नाही.

पण स्वतःला विचारा, आपल्या घरात खरंच तलवार आहे, की फक्त तलवारीची सवय आहे? आपण इकडे आलो तेव्हा प्रत्येक परीक्षा ही उंबरठ्यावरची परीक्षा होती. एक मार्क गेला तर यादीतून नाव गेलं. ती भीती आपल्याला इथवर घेऊन आली, म्हणून आपण तिला शहाणपण समजतो. मुलाला मात्र ती वारशात मिळते, कारण न सांगता. मग सगळं शक्य असतानाही ते दर वेळी जे येतं तेच निवडतं, आणि बाविसाव्या वर्षी उत्तम जीपीए हातात घेऊन विचारतं की मला नक्की काय येतं.

ही गोष्ट फक्त अमेरिकेची नाही. इंग्लंडमध्ये तर सतराव्या वर्षीच अर्जात विषय लिहावा लागतो, आणि गणिताच्या पदवीला गेलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात सिद्धता भेटतात. तिथे परत फिरणं अधिक महाग पडतं. म्हणून तिथल्या पालकांनी हे बोलणं आणखी लवकर करावं.

तेव्हा या उन्हाळ्यात ॲडव्हायझरच्या भेटीआधी मुलाला ग्रेडबद्दल जरूर विचारा, पण आणखी तीन प्रश्नही विचारा. हा कोर्स तू घेतलास तर तो कुणासाठी ठेवलेला होता? यातलं काय तुला पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडायला लागणार आहे? आणि यात तुला अजून न कळलेलं असं काय आहे? उत्तरं ऐकून घ्या. त्यांतलं एखादं उत्तर तुमच्या मताविरुद्ध जाईल. मग फॉर्मवर सही करायच्या आधी आणखी एक कप चहा करा आणि त्याला ते पुरं बोलू द्या. नाव त्याचं नोंदवलं जाणार आहे, तर कारणही त्याचंच असू दे.